खोटं न बोलता तळ्यापर्यंत

लाल्ला यामना खोटं बोलायची नाही. खरं तिला फार रोडकं वाटायचं, म्हणून ती त्याला चार घास जास्त भरवायची, एवढंच. हाडं दिसणारं खरं चारचौघांत पाठवलं तर घराण्याची अब्रू जाते, असं तिचं मत होतं.

त्या वर्षी वसंतात एक दिवस ती मर्राकेशातल्या आपल्या गल्लीत शिरली ती मोटरसायकलचा पुढचा पत्रा चेपवूनच. तिचा लेक मुनीर दारातच उभा.

"आई, हे काय?"

"खेचर."

"खेचराला धडकलीस?"

"मी कशाला धडकू? तेच उडत आलं. वरून."

"नाक्यावरचा संत्र्याचा रसवाला म्हणतो गाढव होतं. उभं होतं. आणि धडक बसली तरी हललंसुद्धा नाही."

"त्याला संत्रं आणि लिंबू यातला फरक कळत नाही, गाढव काय ओळखणार तो!"

मुनीर हसला नाही. यामनाला तिथंच कळलं की आज काही खरं नाही.

"उद्या तुला लागलं तर तू म्हणशील विमानाचा धक्का बसला. आम्हाला कळणार कसं, तुला अजून चालवायला जमतंय की नाही? किल्ली दे, आई."

लाल टोमॅटोच्या रंगाची ती मोटरसायकल. यामना तिला कबुतर म्हणायची. तिच्यावरून पोरं शाळेत गेली, पिठाची पोती घरी आली, एकदा तर शेजारची नवरी लग्नाला वेळेवर पोचली. नवरा गेला तेव्हा यामना पोटभर रडली, डोळे पुसले आणि कबुतराच्या साखळीला तेल घातलं. आता किल्ली दिली की संपलं. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात एक तक्क्या असतो ना, कोणीतरी येऊन झटकावा म्हणून वाट बघणारा, तसं तिचं होणार. तिनं किल्लीची लाल पिशवी मुठीत घट्ट धरली.

मधे पडली सून. घिझलान तिचं नाव, सासूला मानानं लाल्ला म्हणायची. मर्राकेशातच जन्मलेली, तोंडानं तिखट, हातानं गोड, आणि मोटरसायकल म्हटली की खाणंपिणं विसरणारी.

"मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "वर देवदाराच्या जंगलात जायचंय, तळ्यापर्यंत. कबुतर मी चालवते, लाल्ला मागे बसतील. आणि एक पैज. इथून निघाल्यापासून तळ्यावर सूर्य बुडेपर्यंत लाल्लांनी एकही थाप मारायची नाही. जमलं तर किल्ली त्यांची, कोणी परत मागायची नाही. एक जरी थाप निसटली, तर किल्ली माझी."

मुनीर आता मात्र हसला. "मग किल्ली आत्ताच घे की. पेट्रोल तरी वाचेल."

त्या हसण्यानंच यामना पेटली. "मंजूर," ती म्हणाली.

*

मोटरसायकलवर मागे बसलेल्याचं बोलणं वारा मागच्या मागे घेऊन जातो. पुढच्याच्या कानात त्यातलं अर्धंही पडत नाही. त्यामुळे पहिला टप्पा यामनाला बरा गेला. डावीकडे ऑलिव्हची झाडं, उजवीकडे बर्फ अंगावर घेऊन बसलेले डोंगर, मशिदीच्या मनोऱ्यावर टांगा वर-खाली करणारे करकोचे. जे काही सुचेल ते ती वाऱ्याला सांगत होती. कोणाला ऐकू न जाणारी थाप ही थाप धरत नाहीत, असा तिनं मनाशी फतवा काढला होता.

पण बेनी मेल्लालच्या पुढे रस्त्यात पोलीस उभा. त्यानं हात केला. घिझलान थांबली, हेल्मेट काढलं, गोड हसली.

"किती वेगात होता, बाई?"

"हळूच होते, साहेब. मागे म्हातारं माणूस आहे."

पोलीस यामनाकडे वळला. "काय आजी? हळू होती का?"

यामनाच्या जिभेच्या टोकावर केवढी सुंदर गोष्ट आली होती! तिच्यात एक डॉक्टर होता, बाळंतपणाला अडलेली एक बाई होती आणि जुळीसुद्धा होती. तिनं ती गिळली.

"नव्वदच्या वर होती, साहेब," ती म्हणाली. "गाणंही म्हणत होती. बेसूर."

दंड भरून झाल्यावर घिझलाननं कबुतर सुरू केलं. मग मान वळवून ओरडली, "सांभाळून घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

"पैज तूच घातलीस ना, बाई? भोग आता!"

खनीफ्राला चहाला थांबल्या तेव्हा तर फारच वाईट वेळ आली. चहावाल्यानं किटली हातभर वर धरून पुदिन्याचा चहा ओतला आणि सहज विचारलं, "आजी, तुम्ही इकडच्याच दिसता. तुमच्या लहानपणी सिंह होते म्हणे या डोंगरात?"

सिंह! यामनाची सगळ्यात लाडकी गोष्ट. तिच्या आजोबांनी अ‍ॅटलसमधला शेवटचा सिंह खिंडीत गाठला होता, त्याच्याबरोबर रोटी वाटून खाल्ली होती, आणि निघताना सिंहानं आजोबांचा हात हातात घेतला होता. मर्राकेशच्या अर्ध्या गल्लीला ती तोंडपाठ होती. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही कान टवकारून बसली. घिझलाननं मसमनचा, म्हणजे तव्यावरच्या घडीच्या पोळीचा, तुकडा मधात बुडवला आणि सासूकडे बघत राहिली, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशी.

"माझ्या आजोबांनी," यामना म्हणाली, "सिंह कधी बघितला नाही."

"मग?"

"त्यांच्याकडे मांजर होतं. एका डोळ्याचं."

चहावाला थोडा वेळ थांबला. पुढे काही येईना, तेव्हा तो फडकं खांद्यावर टाकून निघून गेला. टेबलांवरची माणसंही आपापल्या कपांत बघायला लागली. जन्मात पहिल्यांदा यामनाच्या गोष्टीकडे लोकांनी पाठ फिरवली होती.

"बरं वाटलं का?" तिनं सुनेला विचारलं.

"मला वाईट वाटलं," घिझलान म्हणाली. तिला स्वतःलाच ते जरा नवल वाटलं असावं, कारण उरलेलं मसमन तिनं खाल्लंच नाही.

*

आझरूच्या वर रस्ता देवदारांत शिरतो. झाडं अशी की एकेकाच्या बुंध्यात वऱ्हाड मावेल. आता या बाबतीत यामनाला काही वाढवून सांगायची गरजच नव्हती. खाली उन्हाचे ठिपके, गुलाबी रानफुलं, आणि रस्त्याच्या कडेला माकडं. बिनशेपटीची, पिवळट केसांची, सावकारासारखी मांडी घालून बसलेली. एक नर माकड पोराला छातीशी धरून असा फिरत होता, जणू बायको बाजारात गेलीय आणि घर त्याच्यावर टाकलंय.

घिझलाननं कबुतर सावलीत उभं केलं, किल्ली लाल पिशवीत घालून सासूच्या हातात दिली आणि म्हणाली, "त्या पाटीजवळ एक बाई अक्रोड विकतेय, घेऊन येते. तळं इथून हाकेच्या अंतरावर. तुम्ही जिंकतच आलात, लाल्ला."

यामना सीटवर बसली, कबुतराच्या आरशात बघून ओढणी नीट केली. एक माकड शेजारी येऊन बसलं. तेही आरशात डोकावलं. मग त्यानं यामनाकडे बघितलं, भाडेकरूकडे घरमालक बघतो तसं, तिची मूठ दोन्ही हातांनी उघडली, लाल पिशवी घेतली आणि सरळ देवदारावर चढून गेलं.

एवढं सगळं इतक्या सभ्यपणे झालं की यामनाच्या तोंडून "शुक्रान" निघता निघता राहिलं.

घिझलान परत आली. "चला. किल्ली?"

"माकडानं नेली."

अक्रोडाची पुडी हातातच राहिली. घिझलाननं कमरेवर हात ठेवले.

"वा! वा लाल्ला! इतक्या वाटेत तोंड दाबून ठेवलंत आणि तळं दिसायच्या आधी फुटलात?"

"अगं खरंच नेली. माझी मूठ उघडून."

"मूठ उघडून! आणि पावती नाही दिली?"

"तू पावती मागशील असं वाटलंच नाही गं मला!"

"किल्लीच नाहीशी केली की कोणी मागणार नाही, असंच ना? कुठं लपवलीय? बुटात?"

यामनानं दोन्ही बूट काढून दाखवले. मोजेही काढले. घिझलानची मान हलतच राहिली. यामनाच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर उडती खेचरं लोकांच्या गळी उतरवली, आणि आज एक साधं खरं माकड उतरेना.

आवाज ऐकून झाडीतून वनरक्षक आला. नाव बास्सू. पोट सुखी, मिशी अशी की चिमणीनं आत बिऱ्हाड केलं असतं आणि त्याला वर्षभर कळलं नसतं. "काय झालं, आया-बहिणींनो? माकडांना काही खाऊ घातलं नाही ना?"

यामनानं नाक पुसलं. "नाही हो. तुम्ही कुठले?"

"मी आयत ऊदाद जमातीचा. आणि आपण?"

"आयत तगूत."

बास्सू दोन पावलं मागे सरला. टोपी काढली. नजर खाली घातली. मोठी सासू अचानक समोर यावी तसा तो उभा राहिला.

"हे काय आता?" घिझलाननं विचारलं.

"तादा," यामना हळूच म्हणाली. "यांचे पणजोबा आणि आमचे पणजोबा. भांडण मिटलं तेव्हा दोन्हीकडच्या पुरुषांनी एकेक पायातलं काढून ढीग केला. ज्याचं पायताण ज्याच्या पायताणाशी जुळलं तो त्याचा भाऊ. तेव्हापासून ऊदादचं माणूस आणि तगूतचं माणूस एकमेकांना नाही म्हणत नाही. आणि एकमेकांशी खोटं बोलत नाही."

"बोललं तर?"

"घरातलं दूध नासतं," बास्सू जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्या चुलत्यानं एकदा शेळीच्या वयाबद्दल जरा इकडचं तिकडं केलं होतं. आजही त्यांच्याकडे काळा चहा पितात."

घिझलानचे डोळे चमकले. मर्राकेशची पोरगी ती, हुशार. "म्हणजे लाल्ला, तुम्ही यांच्याशी थाप मारूच शकत नाही?"

"या जन्मी तरी नाही."

"मग यांच्याकडे बघून सांगा. किल्ली कुठाय?"

यामना बास्सूकडे वळली. तिनं पदर सावरावा तशी ओढणी सावरली. "भाऊ, लाल पिशवीत माझ्या मोटरसायकलची किल्ली होती. माकड आलं, माझी मूठ उघडली, घेऊन गेलं. ते बघा, तिसऱ्या फांदीवर. पिशवी चघळतंय."

बास्सूनं वर बघितलंसुद्धा नाही. "नेली," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता म्हणजे नेलीच."

घिझलाननं मात्र वर बघितलं. तिसऱ्या फांदीवर काहीतरी लाल हललं.

"लाल्ला," ती म्हणाली, "मला माफ करा." आणि लगेच, "अक्रोड आहेत माझ्याकडे! दाखवू का त्याला?"

बास्सूचा चेहरा पडला. "तेवढं नको, बाई. मी सकाळपासून तेच ओरडतोय. एकानं खाऊ घातलं की सगळी रस्त्यावर येऊन बसतात, आणि मग गाड्यांखाली जातात."

घिझलान सासूच्या कानाशी लागली. "तुम्ही सांगा ना. तुम्हाला तो नाही म्हणणार नाही."

बास्सूनं ऐकलं. तो टोपी हातात पिळायला लागला, धुणं पिळावं तशी. "तुम्ही सांगितलंत, बहिणी, तर मी स्वतःच्या हातानं देईन," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मिशीतच अडकला.

यामनानं फांदीकडे बघितलं. किल्लीकडे, तळ्याकडे, घरातल्या तक्क्याकडे, सगळीकडे एकदमच बघितलं म्हणा ना.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे असलं मागणं म्हणजे बांधलेल्या बकरीचं दूध चोरणं."

बास्सूनं टोपी पुन्हा घातली. जरा वाकडीच बसली.

यामना कबुतरापाशी गेली. आरसा हातानं फिरवला, पानांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेला लावला. देवदाराच्या बुंध्यावर उजेडाचा एक कवडसा पडला, थाळीएवढा. तिनं तो वर चढवला, माकडाच्या पायाशी नाचवला, मग हळूहळू खाली आणला. माकड मागोमाग. एक फांदी, दुसरी फांदी, बुंधा, जमीन. ते थेट मोटरसायकलच्या टाकीवर येऊन बसलं आणि आरशात बघायला लागलं. आत दुसरं माकड! यानं दात दाखवले, त्यानंही दाखवले. यानं आरशामागे हात घातला, तिथं कोणीच नाही. पुन्हा पुढून बघितलं तर तो हजर. आता या बदमाशाला दोन्ही बाजूंनी धरायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. त्यानं लाल पिशवी सीटवर ठेवली.

आणि यामना पिशवीवर बसली.

माकडानं आरसा सोडून तिच्याकडे बघितलं. तिनं माकडाकडे बघितलं. "शुक्रान," ती या वेळी मोठ्यानं म्हणाली.

*

तळ्याकाठी पोचल्या तेव्हा सूर्य पाण्यापासून वीतभर वर होता. बदकं पोहत होती, घोडेवाले पोरांना फेऱ्या मारून आणत होते, आणि चहाच्या टपरीपुढे कासाब्लांकाहून आलेली मोटरसायकलवाल्यांची टोळी पाय पसरून बसली होती. सगळे कातडी कोट घातलेले, मोटरसायकली म्हशींएवढ्या. बास्सूची पाळी संपली होती, म्हणून तोही आपल्या फटफटीवरून मागोमाग आला. तादाच्या बहिणीला चहा न पाजता जाऊ देणं त्याला शक्य नव्हतं.

त्या टोळीतल्या पांढऱ्या दाढीवाल्यानं कबुतराकडे बघून विचारलं, "या डबड्यावर मर्राकेशहून आलात? वाटेत काही झालं नाही?"

यामना तोंड उघडणार, तेवढ्यात घिझलानच बोलली. अजून तिचे गाल लाल होते. "झालं नाही? माकडानं आमची किल्ली पळवली!"

"हॅ!"

"शपथ! एवढं माकड!" तिनं हात कमरेपर्यंत नेला.

माकड गुडघ्याएवढं होतं. यामनानं चहात बघितलं.

"झाडावर नाही नुसतं गेलं," घिझलान म्हणाली, आणि आता तिचे हात सुटलेच. "किल्ली घेऊन खाली आलं, मोटरसायकलवर बसलं, किल्ली लावली आणि सुरू केली! मी मागे धावतेय आणि ते आरशात बघून गियर टाकतंय!"

सगळी टोळी पुढे सरकली. टपरीवाला तव्यावरचं मसमन उलटायचं विसरला. घोडेवालाही घोड्यासकट आला. पोरगं पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आईला छातीत जसं होतं, तसं काहीतरी यामनाला झालं. पोरीला नाद लागला होता! पण लय चुकत होती. फार घाईनं धावतेय, आता पडणार, हे तिला दिसत होतं.

आणि पडलीच. दाढीवाला गालात हसला. "बाई, माकडाचा पाय गियरपर्यंत पोचेल तरी का? काय आजी, तुम्ही सांगा. खरं आहे हे?"

सगळे यामनाकडे वळले. घिझलानचा चेहरा उतरला, कान तांबडे झाले. सूर्य अजून पाण्याला टेकला नव्हता, बोटभर बाकी होता. नाही म्हटलं की किल्ली यामनाची, आणि सून चारचौघांत खोटी. हो म्हटलं की किल्ली गेली. आणि त्यावर कहर म्हणजे समोर बास्सू बसलेला, मिशीला चहाचा फेस लावून, अगदी श्रद्धेनं तिच्या तोंडाकडे बघत. त्याच्यापुढे खोटं म्हणजे दोन घरांचं दूध नासायचं.

यामनानं कप खाली ठेवला.

"बास्सू भाऊ," ती म्हणाली. "एक मागू?"

"मागा, बहिणी."

"दोन्ही कानांत बोटं घाला. आणि तळ्याकडे तोंड करून बसा."

बास्सूनं का म्हणून विचारलं नाही. बोटं घातली, तोंड फिरवलं.

यामनानं झग्यातून लाल पिशवी काढली, माकडाच्या दातांचे ठसे होते तिच्यावर, आणि सुनेच्या ओंजळीत ठेवली. बोटांनी तिची मूठ बंद केली. मग ती दाढीवाल्याकडे वळली.

"ही पोरगी अर्धंच सांगतेय," ती म्हणाली. "लाजते बिचारी. पाय गियरपर्यंत पोचत नव्हता, अगदी खरं बोललात. म्हणून तर दोन माकडं होती."

"दोन?"

"एक वर हँडलला, एक खाली गियरला. वरचा म्हणायचा 'टाक', की खालचा टाकायचा. आणि मागच्या सीटवर वरच्याची सासू. ती सारखी म्हणत होती, हळू चालव, हळू चालव..."

त्यानंतर तळ्याकाठी जे हसणं झालं त्यानं बदकं उडाली. दाढीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. घिझलान हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती. माकडं पुढे आझरूच्या पेट्रोल पंपावर थांबली, तिथं त्यांनी हवा तपासून घेतली, वगैरे वगैरे. सूर्य कधी बुडाला कोणाच्या लक्षातही आलं नाही.

लोक पांगल्यावर यामनाला बास्सूची आठवण झाली. तो तसाच बसला होता, कानात बोटं, तोंड पाण्याकडे. काढ म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं त्याच्यापुढे जाऊन हात हलवला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"काय सांगितलंत त्यांना?"

आता त्याच्यापुढे लपवायची सोय नव्हती. "थाप मारली, भाऊ."

"मोठी?"

"माकडं मोटरसायकल चालवत होती म्हणून सांगितलं. दोन."

बास्सूनं मिशी पुसली, बराच विचार केला. "दोनच?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना यामना मुकाट्यानं मागच्या सीटकडे गेली. हरली ती हरली. पण तिथं घिझलान आधीच हेल्मेट घालून बसलेली. तिनं लाल पिशवी पुढे केली.

"तुम्ही चालवा."

"मी पैज हरले, पोरी."

"किल्ली माझी आहे ना? मग मी कोणालाही देईन. मुनीरला मी सांगते काय सांगायचं ते."

"खरं सांगणार?"

"गाढव अजिबात हललं नाही, ते सांगणार. आणि मी मागे बसून डोळ्यांनी बघून आले, हेही सांगणार. त्यामुळे नीट चालवा, लाल्ला. गाढव दिसलं की थांबायचं." तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. "आणि मागे बसलेल्याचं पुढे ऐकू येत नाही. पुढच्याचं मात्र वारा आणून देतो. ती खनीफ्राची गोष्ट राहिलीय. एका डोळ्याचं मांजर नको."

यामनानं ओढणी आवळली, किल्ली फिरवली. कबुतर गुरगुरलं.

"मांजर?" ती वाऱ्यावर ओरडली. "कुठलं मांजर? सिंह होता तो! आणि एक डोळा तर माझ्या आजोबांनीच..."